नकाशातली उत्तर, अंगणातली उत्तर

घराचा नकाशा हातात आला की माणसे काय पाहतात? आधी स्वयंपाकघर. मग देवघर कुठे बसवले, मोटारसायकल आत येते की नाही, न्हाणीघराचे दार कोणाच्या तोंडावर उघडते आणि शेवटी खर्चाचा आकडा. कागदाच्या कोपऱ्यात एक बाण असतो. त्याच्या डोक्यावर 'उ' किंवा 'एन' लिहिलेले असते. त्या बाणाकडे घरमालक पाहत नाही, मंजुरी देणारे कार्यालय तो आहे की नाही एवढेच पाहते आणि मिस्त्री तर बहुधा कागदच उलटा धरून उभा असतो. यवतमाळात गेली सव्वीस वर्षे मी घरांचे नकाशे काढतो आहे. 'हा बाण कोणी ठरवला, कधी ठरवला आणि कशावरून?' असे विचारणारी गिऱ्हाइके एवढ्या वर्षांत बोटांवर मोजण्याइतकीच भेटली. त्यातले दोघे भूगोलाचे मास्तर होते, हेही सांगितले पाहिजे.

हाताने रेघा ओढायच्या काळात त्या बाणावाचून फारसे अडत नव्हते. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर आणि अमोनियाचा वास मारणारी निळी प्रिंट एवढाच आमचा संसार. बाण चुकला तरी जागेवरचा जुना मिस्त्री आभाळाकडे पाही आणि म्हणे, "साहेब, इकून दिवस बुडते. इकडं येवढी मोठी खिडकी ठेवसान तं लेकरं भाजतीन." खिडकी लहान होई. कागदावरची चूक कागदावर राही, घरात उतरत नसे. आता नकाशे संगणकावर निघतात. संगणकाला आभाळ दिसत नाही. त्याला उत्तर म्हणून जी दिशा सांगितली, तीच खरी मानून तो त्या घराभोवती सूर्य फिरवतो, सावल्या पाडतो, कोणत्या खोलीत किती ऊन येईल, किती टनांचा एसी लागेल याचे गणित मांडतो आणि रंगीत चित्र छापून देतो. चित्र इतके देखणे असते की मिस्त्रीचे तोंड आपोआप बंद होते.

म्हणून त्या बाणाची चौकशी आता करायला हवी, असे मला वाटते.

प्रश्न समजायला सोपा आहे. समजा, तुमचा तीस बाय पन्नासचा प्लॉट आहे. प्लॉट रस्त्याला समांतर असतो, पण रस्ता काही दिशा पाहून आखलेला नसतो. तो जुन्या पायवाटेने, नाल्याच्या काठाने किंवा शेताच्या धुऱ्याने आलेला असतो. आपल्या यवतमाळचेच पाहा. धामणगाव इथून जवळजवळ नेमके उत्तरेला आहे, दारव्हा पश्चिमेला, पांढरकवडा आग्नेयेला. पण धामणगाव रोडवर राहणाऱ्याचे घर म्हणून उत्तराभिमुख होत नाही. रस्ता वळतो तसा ले-आऊट वळतो आणि ले-आऊट वळतो तसे घर. म्हणजे घराच्या भिंती खऱ्या उत्तरेशी वीस, बावीस, कधी चाळीस अंशांनी कललेल्या असतात. असे तिरपे घर पडद्यावर तिरपे काढत बसणे हा मोठा ताप आहे. प्रत्येक रेघ वाकडी, प्रत्येक माप वाकडे आणि कागदावर चित्र मावत नाही ते वेगळेच. म्हणून आखणारा घर सरळ करून घेतो, रस्ता कागदाच्या खालच्या कडेला समांतर ठेवतो आणि कामाला लागतो. यात काहीही गैर नाही. सगळे जग असेच करते.

इमारतींचे आराखडे करण्याच्या आजच्या प्रणालींनी ही अडचण ओळखून दोन प्रकारच्या उत्तर दिशा ठेवल्या आहेत. रेव्हिट नावाची प्रणाली २००० साली अमेरिकेत बाजारात आली. आर्किकॅड ही हंगेरीची, त्याही आधीची, १९८४ ची. रेव्हिटमध्ये एकीला 'प्रोजेक्ट नॉर्थ' म्हणतात आणि दुसरीला 'ट्रू नॉर्थ'. पहिलीला मी कामापुरती उत्तर म्हणतो, दुसरी खरी उत्तर. कामापुरती उत्तर म्हणजे पडद्याची वरची बाजू. तिच्याशी घराच्या भिंती समांतर ठेवायच्या आणि आरामात काम करायचे. खरी उत्तर म्हणजे पृथ्वीच्या उत्तर ध्रुवाची दिशा, जिच्या आधाराने सूर्य चालतो. या दोहोंतला कोन संगणकाला एकदा सांगायचा असतो. सांगितला की जागेचा नकाशा खऱ्या उत्तरेने दिसतो, खोल्यांचा नकाशा कामापुरत्या उत्तरेने दिसतो आणि ऊन-सावली खऱ्या उत्तरेने पडते.

न्यूयॉर्कची मंडळी तर दोनशे वर्षे कामापुरत्या उत्तरेवरच जगत आहेत. १८११ साली मॅनहॅटन बेटावर रस्त्यांची जाळी आखली गेली ती बेटाच्या लांबीला धरून, खऱ्या उत्तरेपासून सुमारे २९ अंश पूर्वेकडे कललेली. तिथला माणूस 'उत्तरेला चार गल्ल्या सोडून' असे बिनदिक्कत सांगतो, तेव्हा तो ईशान्येच्या अंगाला बोट दाखवत असतो. पत्ता शोधण्यात त्याने काही बिघडत नाही. पण त्याच्या खिडकीत ऊन यायचे, ते गल्ल्यांचे क्रमांक पाहून येत नाही.

आता गोम कुठे आहे? कोन सांगितला नाही, तर प्रणाली तक्रार करत नाही. दोन्ही उत्तर दिशा सुरुवातीला एकच असतात. पडद्याची वरची बाजू हीच खरी उत्तर, असे ती गृहीत धरते आणि मुकाट्याने पुढे चालते. पुष्कळांना वाटते की गावाचे नाव टाकले, नागपूर किंवा यवतमाळ निवडले, की झाले. त्याने सूर्य किती उंच चढतो ते बरोबर येते, पण घर कोणीकडे तोंड करून बसले आहे ते संगणकाला कळत नाही. आणखी एक खोड आहे. कोन सांगितला, पण उजवीकडे फिरवायचा तो डावीकडे फिरवला, तर बावीस अंशांचा फरक शून्यावर न येता चव्वेचाळीस अंशांचा होतो. न फिरवलेल्यापेक्षा हे वाईट, कारण 'आम्ही कोन टाकला आहे' अशी खात्री वरून मिळते.

शिवाय आजकाल नकाशा एका हाताखाली राहत नाही. मोजणीची 'क' प्रत एकाकडून येते, प्लॅन दुसरा काढतो, त्याचे त्रिमित चित्र तिसरा पोरगा रात्री जागून तयार करतो आणि उष्णतेचे गणित चौथा कोणी मोठ्या शहरात बसून करतो. प्रत्येकाला वाटते की उत्तर आधीच्याने पाहिली असेल.

एका निवृत्त शिक्षक दांपत्याचे घर मी पाहिले आहे. आराखडा बाहेरगावच्या एका कार्यालयातून आला होता. मागची निजायची खोली 'उत्तरेची' म्हणून भिंतभर खिडकी दिली होती आणि तिच्यावर दोन फुटांचा छज्जा. सोबतच्या रंगीत चित्रात ती खोली थंड निळ्या रंगात होती. प्रत्यक्षात तो ले-आऊट जवळजवळ चाळीस अंश कललेला आणि ती उत्तरेची भिंत वायव्येकडे तोंड करून उभी. मेच्या शेवटी दुपारी साडेचारला यवतमाळात सूर्य क्षितिजापासून सुमारे ३० अंश वर आणि पश्चिमेच्या जरासा उत्तरेला, बारा अंशांवर, असतो. खऱ्या उत्तरेकडच्या भिंतीला हे ऊन नुसते घासून जाते. वायव्येकडे वळलेल्या भिंतीवर ते समोरून आदळते आणि छज्ज्याखालून थेट पलंगावर येते. आजीबाई मला म्हणाल्या, "बापूसाहेब, दिवसभर कसं तरी निभते, पण रात्री अकरानंतर भिंतीला हात लावून पाहा." त्यांचे बरोबर होते. नऊ इंची विटांची भिंत दुपारी प्यालेली उष्णता सहा-सात तासांनी आत सोडू लागते. गाव थंड व्हायला लागते तेव्हा खोली तापते. आम्ही बाहेरून उभ्या पडद्या घातल्या, चिका लावल्या, वेल चढवला, निम्मी खिडकी बंद केली. फरक पडला, पण जी गोष्ट आखणीच्या दिवशी फुकट मिळाली असती, तिला हजारो रुपये लागले आणि कूलर तरीही दोन चालतात.

इथे आपल्या गावच्या सूर्याविषयी थोडे सविस्तर बोललेच पाहिजे, कारण शाळेत शिकलेली 'सूर्य पूर्वेला उगवतो' ही ओळ घर बांधताना फार घात करते. सूर्य नेमका पूर्वेला वर्षातून दोनदाच उगवतो, मार्चच्या आणि सप्टेंबरच्या २०-२२ तारखांच्या आसपास. एरवी तो सरकत असतो. यवतमाळ साधारण २० अंश २३ कला उत्तर अक्षांशावर आहे. इथे जूनच्या अखेरच्या आठवड्यात सूर्य पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकून उगवतो आणि डिसेंबरच्या अखेरीस तेवढाच दक्षिणेकडे. म्हणजे भूमिपूजनाच्या सकाळी उगवत्या सूर्याकडे पाहून 'ही पूर्व' असे ठरवणाऱ्याची चूक पंचवीस अंशांपर्यंत जाऊ शकते आणि ती कोणत्या बाजूला जाईल हे मुहूर्त कोणत्या महिन्यात निघाला यावर अवलंबून राहते! शेजारच्या दोन प्लॉटांवर एकाने डिसेंबरात आणि दुसऱ्याने मेमध्ये पूर्व ठरवली, तर दोघांच्या पूर्व दिशांत पंचेचाळीस अंशांचे अंतर पडायचे.

दुसरी गोष्ट. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो. त्यामुळे वर्षातून दोनदा, २२ मे आणि २१ जुलैच्या सुमारास, भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच नाहीशी होते. या दोन तारखांच्या मधले दोन महिने दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. नवतपा यातच येतो. 'उत्तरेला खिडकी ठेवा, ऊन कधीच येणार नाही,' हा सल्ला लंडन-पॅरिसच्या पुस्तकांतून आला आहे. मुंबईच्या गिरण्यांची करवतीच्या दातांसारखी छपरे आठवतात ना? विलायतेच्या धर्तीवर त्यांच्या काचा उत्तरेकडे तोंड करून बसवत, म्हणजे मागांवर सावलीचा सारखा उजेड पडावा. आपल्या अक्षांशावर मे-जूनमध्ये तिथेही ऊन डोकावते. तरीही उत्तर हीच आपल्याकडची सर्वांत सौम्य बाजू, यात शंका नाही. फक्त ती खरी उत्तर असली पाहिजे आणि तिलाही लहानसा छज्जा आणि बाजूला उभी पडदी लागते.

दक्षिणेचे उलट आहे. लोक दक्षिणेला उगीच घाबरतात. मार्चच्या विषुवदिनी दुपारी सूर्य दक्षिणेच्या आकाशात सुमारे ७० अंशांवर असतो. दोन फुटांचा छज्जा तेव्हा दक्षिणेच्या भिंतीवर साडेपाच फुटांच्या जवळपास सावली टाकतो. डिसेंबरात सूर्य ४६ अंशांवर उतरतो आणि तोच छज्जा दोन फुटांचीच सावली देतो, म्हणजे थंडीत ऊन आत येते. उन्हाळ्यात झाकणारी आणि हिवाळ्यात उघडणारी ही खिडकी बिनपैशाची यंत्रणाच आहे. तोच छज्जा पश्चिमेच्या भिंतीवर लावा, मेच्या साडेचारला तो सव्वा फुटाचीही सावली टाकत नाही. छज्जा कितीही वाढवला तरी सूर्य त्याच्या खालून येतो. पश्चिमेला छज्जा नको, आडोसा हवा. झाड, जाळी, पडदी, ओसरी, निदान कपाटांची आणि न्हाणीघराची रांग. मुंबईला चार्ल्स कोरियांनी कांचनजंगा ही उंच इमारत बांधली (ती १९८३ साली पूर्ण झाली), तेव्हा समुद्राचा वारा आणि देखावा यांच्यासाठी घरे पूर्व-पश्चिमच ठेवणे भाग होते. त्यांनी जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याची युक्ती उचलली आणि घरांच्या कोपऱ्यांत खोल गच्च्या घातल्या. दिशा वाईट मिळाली तरी उपाय सापडतो, पण त्यासाठी ती वाईट आहे हे आधी कळावे लागते.

खरी उत्तर शोधायची कशी, हे आपल्याकडे फार जुने शास्त्र आहे. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदीसाठी दिशा साधण्याची रीत दिली आहे. सपाट जमिनीवर शंकू, म्हणजे सरळ काठी, ओळंब्यात उभी करायची. तिच्या बुडाशी दोरी धरून वर्तुळ काढायचे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जिथे शिवते तिथे एक खूण, दुपारनंतर पुन्हा शिवते तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ मिळाली. तिच्या मध्यातून काठीच्या बुडापर्यंत रेघ ओढली की दक्षिणोत्तर. यात सूर्य सरकण्याचा घोळ जवळजवळ नाहीसा होतो, कारण सकाळ आणि संध्याकाळ एकमेकींना कापून टाकतात. आपल्याकडे हा प्रयोग नोव्हेंबर ते जानेवारीत करावा, सावल्या लांब आणि आभाळ स्वच्छ असते. घड्याळ पाहून दुपारी बाराची सावली धरू नका. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचे आहे आणि यवतमाळ ७८ च्या थोडे पुढे. आपली खरी दुपार सरासरीने बारा वाजून सतरा-अठरा मिनिटांनी होते, फेब्रुवारीच्या मध्यात तर साडेबारा वाजतात.

रात्री करायचे तर ध्रुवतारा आहेच. आपल्याकडे तो क्षितिजापासून वीसच अंश वर, म्हणजे हात लांब करून दोन मुठी एकावर एक ठेवल्या की त्यांच्या वर. झाडाआड लपतो, म्हणून गच्चीवर जावे लागते. ताऱ्यांवरूनच उत्तर धरण्याचे सर्वांत मोठे काम आपल्या परिसरातूनच गेले आहे. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. ७८ रेखांशाच्या आसपासने कन्याकुमारीकडून हिमालयाकडे जाणारी तिची मुख्य साखळी बीदरकडून एलिचपूरकडे जाताना वऱ्हाडातून गेली. अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट टेकड्यांवर चढवायचा, रात्री दूरच्या टेकडीवर दिवा लावायचा आणि ध्रुवाभोवती फिरणाऱ्या ताऱ्याशी त्या दिव्याचा कोन मोजायचा. जंगलातले ताप, वाघ, पावसाळे यांत माणसे गेली. लॅम्बटन स्वतः २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या वर्धा नदीपलीकडच्या हिंगणघाटला वारला. तिथेच त्याची कबर आहे. एक उत्तर दिशा नीट धरण्यासाठी एवढा खटाटोप झालेल्या मुलखात आपण ती संगणकाच्या गृहीतावर सोडून देतो, याचे मला नवल वाटते.

त्याच ७८ रेखांशाने आजच्या मोजणीतही एक गंमत करून ठेवली आहे. उपग्रहाच्या साह्याने मोजणी करतात, तेव्हा पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडलेले असतात आणि प्रत्येक पट्ट्याला आपल्या चौकटीची स्वतंत्र उत्तर असते. ७८ रेखांश ही अशा दोन पट्ट्यांमधली सीमा. ती दारव्हा आणि यवतमाळ यांच्या मधून जाते! पुसद, दिग्रस, दारव्हा ४३ व्या पट्ट्यात. यवतमाळ, वणी ४४ व्या. सीमेजवळ चौकटीची उत्तर खऱ्या उत्तरेपासून सुमारे एक अंश हटते, दारव्ह्याला पूर्वेकडे आणि यवतमाळला पश्चिमेकडे. घराच्या उन्हाला एका अंशाने काही होत नाही आणि त्यासाठी डोके खाजवण्याचे कारण नाही. शेताचा लांब धुरा किंवा कालवा आखताना मात्र विचारावे, की बाबा, ही उत्तर कोणत्या पट्ट्याची?

होकायंत्राचेही तसेच. चुंबकाची उत्तर आणि खरी उत्तर यांत जगात काही ठिकाणी पंधरा-वीस अंशांचा फरक असतो. आपल्या भागात तो एका अंशाच्या आत आहे, म्हणून होकायंत्र आपल्याला बरे चालते. पण लोक ते सळयांच्या ढिगाशेजारी, मोटारसायकलच्या सीटवर किंवा लोखंडी पलंगावर ठेवून पाहतात. मोबाइलमधले होकायंत्र तर चुंबकी बटणाच्या कव्हरात असले की काहीही सांगते. उपग्रहाच्या छायाचित्रात आपला प्लॉट शोधून रस्त्याचा कोन मोजणे त्यापेक्षा पुष्कळ भरवशाचे, कारण त्या चित्राची वरची बाजू खरी उत्तर असते. काठी आणि छायाचित्र यांचे जुळले, तर डोळे झाकून कामाला लागावे.

वास्तुशास्त्राचा विषय टाळून चालणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी नऊ घरांत तो येतोच. माझी त्याबद्दल तक्रार नाही, ज्याची त्याची श्रद्धा. पण स्वयंपाकघर आग्नेयेला हवे म्हणून जिना मोडायला लावणारा गृहस्थ, ती आग्नेय ज्या बाणावरून काढली तो बाण कुठून आला हे विचारत नाही, तेव्हा मला हसू आवरत नाही. ईशान्येचे देवघर बावीस अंश फिरले, तर ते थेट उत्तरेकडे किंवा पूर्वेकडे झुकते. शास्त्र मानायचे, तर त्याची पहिली पायरी दिशासाधनाची आहे आणि नेमकी तीच गाळली जाते. आपल्या पूर्वजांचे या बाबतीतले काम पाहायचे असेल, तर कोल्हापूरला जावे. अंबाबाईचे देऊळ पश्चिमाभिमुख म्हणतात, पण किरणोत्सव नोव्हेंबरच्या ९-१०-११ आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीच्या संध्याकाळी होतो. त्या दिवसांत सूर्य नेमक्या पश्चिमेपासून सतरा-अठरा अंश दक्षिणेला मावळतो. मावळतीची किरणे लांबलचक मंडपांतून देवीपर्यंत पोचतात, ती देवळाचा अक्ष मोजून धरल्यामुळेच. वाटेत पुढे उभ्या राहिलेल्या इमारतींचे अडथळे येतात, ही आजची गोष्ट.

ज्याच्याकडे आर्किटेक्ट आहे, त्याचे एक वेळ चालून जाईल. चूक झाली तर तो एसी लावील. माझी खरी काळजी दुसऱ्यांची आहे. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेत गावोगाव घरकुले बांधली जात आहेत, किमान २५ चौरस मीटरची. एवढ्याशा घरात बाहेरच्या भिंती सगळ्याच अंगावर असतात. गावात एक नमुना पसंत पडतो आणि मग तोच नमुना रस्ता जिकडे असेल तिकडे तोंड करून उभा राहतो. नमुन्यात उत्तरेला असलेली खिडकी एका घरात उत्तरेला, दुसऱ्यात पश्चिमेला. वर टिन असले तर विचारूच नका. अंगणवाड्या आणि शाळाखोल्यांचेही तेच. नमुना-नकाशा एकदा निघतो, त्यावर बाण एकदा काढला जातो आणि तो बाण पुढे पन्नास गावांत जसाच्या तसा छापला जातो. एका तालुक्यातल्या अशाच एका खोलीत मी मार्चच्या दुपारी गेलो होतो. पश्चिमेच्या खिडकीचे ऊन फळ्यावर असे चमकत होते की मुलांना अक्षर दिसेना. बाईंनी खिडकीला खताची रिकामी पोती शिवून लावली होती. नकाशात ती खिडकी उत्तरेला आहे.

सरकारला हे ठाऊक नाही असेही नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ साली मोठ्या निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता काढली. तीत प्रत्येक दिशेच्या भिंतीसाठी वेगळा गुणक आहे आणि कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडच्या गावांना वेगळा तक्ता आहे. त्या तक्त्यात पश्चिमेच्या भिंतीचा गुणक उत्तरेच्या भिंतीच्या पावणेदोन पट आहे. म्हणजे नकाशावरचा बाण नव्वद अंशांनी चुकला, तर त्या भिंतीचा हिशेबच पावणेदोन पटींनी चुकतो. मोठ्या इमारतीला हा नियम आहे, लहान घराला नाही. ऊन मात्र लहान घराला अधिक लागते.

मागणी फार मोठी नाही. नकाशा मंजूर करताना बाण आहे की नाही एवढेच न पाहता, त्याच्याखाली तीन गोष्टी लिहायला लावाव्यात. घराच्या कडेचा खऱ्या उत्तरेशी किती अंशांचा कोन आहे, तो कोणत्या बाजूला आहे आणि तो कशावरून, कोणत्या तारखेला मोजला. 'पश्चिमेकडे २२ अंश, काठीच्या सावलीवरून, ९ डिसेंबर,' एवढे पुरे. संगणकावर काम करणाऱ्या पोरांना मग विचारत फिरावे लागणार नाही, आकडा समोर असेल. आणि घरकुलांचे, शाळाखोल्यांचे नमुने एकाऐवजी चार निघावेत, रस्ता उत्तरेला, पूर्वेला, दक्षिणेला किंवा पश्चिमेला असेल तसे. भिंती त्याच, क्षेत्रफळ तेच, खर्च तोच. खिडक्या, ओसरी आणि न्हाणी यांच्या जागा तेवढ्या बदलतील. हे काम एखाद्या तंत्रनिकेतनाची मुले एका सत्रात करून देतील.

मी आता फक्की मारायच्या आधीच्या दिवशी घरमालकाला जागेवर बोलावतो. कुटुंबासह या म्हणतो, डबा घेऊन या म्हणतो, कारण सकाळची खूण आणि दुपारची खूण यांच्यामध्ये पाच-सहा तास जातात. मुले सावलीच्या टोकावर खडा ठेवायला धावतात. आजोबा झाडाखाली बसून 'आमच्या वेळी' सुरू करतात. संध्याकाळी दक्षिणोत्तर दोरी ताणली की पुष्कळदा घरच्या बाई पदर खोचून तिच्या रेषेत उभ्या राहतात आणि विचारतात, "म्हणजे माझ्या ओट्यावर ऊन कधी येणार?" त्या प्रश्नाला तारीख आणि वेळ सांगता येते. मग दोरीच्या दोन टोकांना पितळी खिळे ठोकून त्यांच्याभोवती सिमेंट भरतो आणि कोन नकाशावर लिहितो.